हिवाळ्याची वही : एका वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रकल्पाचे नाव एकदाचे ठरले : हिवाळ्याची वही. समितीतल्या दोघांना 'साहित्य-निसर्ग-अध्यात्म अभियान' असे काहीतरी भारदस्त हवे होते. एवढा फलक वाचनालयाच्या दारावर मावणार नाही, हे एकच कारण मी पुढे केले आणि ते चालून गेले.

कल्पना साधी. कविता जिथली, तिथे जाऊन वाचायची. सोलापूरकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. गावात सिद्धरामेश्वर आहेत, अरणला सावता माळी, मंगळवेढ्याला चोखोबा. एक अभंग किंवा वचन मोठ्याने वाचायचे, मग पाव तास गप्प बसायचे, मग जे दिसले ते वहीत लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचे, दुसऱ्याने लिहून घ्यायचे. अर्थ लिहायचा नाही, निरूपण करायचे नाही. या शेवटच्या अटीवरून भांडणे होणार, हे आजच दिसते आहे.

हिवाळाच का, असे समितीने विचारले. मार्च उजाडला की सोलापुरात सकाळी नऊला माणूस चिंतन करत नाही, सावली शोधतो. पावसाळ्याचा भरवसा नाही. राहिले कार्तिक ते माघ. शिवाय आपल्याकडचा हिवाळा म्हणजे पानगळ आणि सामसूम नव्हे. हा रब्बीचा जिल्हा आहे, शिवार भरते ते थंडीतच. बर्फाच्या कविता पाठ करून मोठ्या झालेल्या आमच्या कॉलेजच्या पोरांना हे मुद्दाम दाखवावे लागते.

नावे दिलेली मंडळी : निवृत्त कारकून काका (कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारे), पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या अक्का, कानडी बोलणाऱ्या आज्जी, कॉलेजची काही मुलेमुली. आणि मी, ग्रंथपाल. माझ्या भक्तीबद्दल एवढेच नोंदवते की घरच्यांबरोबर देवळात गेले तर मी बाहेर चपला सांभाळते.

२३ नोव्हेंबर

सकाळी साडेसहा, सिद्धेश्वर तलाव. पाण्यावरून वाफ निघत होती. किल्ल्याच्या बाजूला चादरी अंथरून बसलो. (सोलापूर आहे, चादरींची कमी नाही. प्रत्येकाने एक अंगावर घेतली होती, एक खाली.)

आज्जींनी सिद्धरामांचे एक वचन कानडीत म्हटले. शेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही त्यांची नाममुद्रा आली तेव्हा निम्म्यांनी आपोआप हात जोडले. काका लगेच, 'अर्थ सांगा की.' आज्जी म्हणाल्या, 'अर्थ घरी गेल्यावर. आता गप बसायचं ठरलंय ना?'

नंतर चहाच्या टपरीवर मात्र गोष्ट निघाली. बाराव्या शतकात या गावाचे नाव सोन्नलगी. सिद्धराम इथे देवळे उभारत होते, तळे खणवत होते, माणसे कामाला लावत होते. तिथे अल्लमप्रभू (बसवेश्वरांच्या काळातले शिवभक्त शरण) आले आणि 'कुठे आहे तो ओड्ड सिद्धराम?' असे विचारू लागले. म्हणजे माती खणणारा. ते ऐकून कामावरच्या माणसांनी त्यांच्यावर दगड उचलले. अल्लमप्रभूंचे म्हणणे असे, की बाहेर एवढे खणतोस, आत कधी खणणार? पुढे सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (कर्नाटकातले आजचे बसवकल्याण) गेले, बसवेश्वरांकडे.

एका मुलीने विचारले, 'पण तळं खणलं नसतं, तर आज आपण बसलो कुठे असतो?' प्रश्न बिनतोड आहे. मला या गोष्टीत आवडते ते असे, की ज्यांच्या नावाने गाव नांदते त्यांना झालेली ही बोचरी टीका शरणांच्या परंपरेने जशीच्या तशी जपली. तळेही ठेवले आणि तळ्यावरचा आक्षेपही ठेवला. आपले हल्लीचे भक्त असे काही जपतील?

वहीत अक्कांनी सांगितलेली नोंद : 'एक पाणकावळा दगडावर पंख उघडून उभा होता. बराच वेळ. त्याला कुणी हाकललं नाही.'

३० नोव्हेंबर

थंडी वाढली, उपस्थिती घटली. बाहेर न जाता वाचनालयातच बसलो. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय, शरदातल्या चंद्रकलेतले कोवळे अमृतकण चकोराची पिल्ले मवाळ मनाने वेचतात ती ओवी. काकांनी पाव तासाची शांतता पाळली नाही, निरूपण सुरू केले. चांगले करतात, पण ते सुरू झाले की बाकीचे श्रोते होतात आणि वही कोरी राहते. मी त्याच अध्यायातली पुढची ओवी काढून दाखवली, 'हे शब्देंविण संवादिजे'. काका म्हणाले, 'शब्देंविण म्हणाले खरे माउली. आणि नऊ हजारांवर ओव्या सांगितल्या.'

यावर माझ्याकडे उत्तर नाही. अट कायम.

७ डिसेंबर

नान्नजचा माळ. गाडीभाडे ठरल्यापेक्षा जास्त पडले.

अभंग तुकोबांचा निवडला होता, 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें'. उतरल्या उतरल्या एका पोराने विचारले, 'ताई, हितं झाड कुठाय?' नजर जाईल तिकडे पिवळे पडलेले गवत, मुरमाड जमीन, लांब बांधावर चार बाभळी. माळ म्हणजे ओसाड जागा आणि ओसाड जागी झाडे लावणे म्हणजे पुण्य, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. माळढोकाच्या ते मुळावर येते. त्याला उघडे गवत लागते, चहूबाजूंनी लांबवर नजर जावी लागते. जमिनीवरच अंडे घालणारा पक्षी, तेही बहुधा एकच. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आता तो दिसलाच तर नशीब.

काका म्हणाले, 'म्हणजे आपल्या पांडुरंगासारखंच. दर्शन नाही, पण हद्द आखलेली आहे.' सगळे हसले. मला ते वाक्य दिवसभर पुरले.

अभंग बदलावा असे वाटत होते, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत आलो आणि थांबलो : 'आकाश मंडप पृथिवी आसन'. याला झाड लागत नाही. वारा बोचरा होता, चादर डोक्यावरून घेऊन बसलो. काळविटांचा कळप आमच्याकडे बघून परत चरू लागला. मग एक भोवत्या आला. हा हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारा शिकारी पक्षी. घारीसारखा उंच घिरट्या घालत नाही, गवताच्या शेंड्यांवरून जेमतेम हातभर वर, पंख किंचित उचललेले, एकदा डावीकडे कलतो, एकदा उजवीकडे, जणू गवताची ओळ न् ओळ वाचत चाललाय. एका जागी थबकला, खाली पडला, रिकाम्या पायांनी वर आला. पुन्हा तेच. पाव तास केव्हाच उलटून गेला होता, पण उठायचे कुणी नाव काढेना.

शेवटचे चरण मी परत वाचले : 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥' एकांतात गेले की मन शांत होते असे सगळे सांगतात. तुकोबा तसे म्हणत नाहीत. एकांतात गेले की भांडायला आपलेच माणूस सापडते, असे ते म्हणतात. माझे आज तेच झाले. कशावरून भांडले ते या वहीत लिहिण्यासारखे नाही.

१४ डिसेंबर

वाचनालयाची वार्षिक साठा पडताळणी. प्रकल्पाचे काम नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार, मार्गशीर्ष अमावस्या

वेळ अमावस्या, म्हणजे उभ्या पिकात पूजा करून शेतातच जेवायचा दिवस. आमच्यातल्या एका मुलाचे अक्कलकोट तालुक्यात शेत आहे, त्याच्या आबांनी सगळ्यांना जेवायला बोलावले. अक्कांनी त्या दिवसाच्या विड्या आदल्या रात्री जागून वळल्या आणि आल्या.

कडब्याची कोप बांधलेली, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. समोर भज्जी, उंडे, खीर, मडक्यात आंबील. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले. सकाळच्या दवात हरभऱ्यातून चालत गेलो तर हाताला, साडीच्या काठाला आंब लागली. बोटे चाटून बघितली तर आंबट. मुलींना हे माहीत नव्हते. मग सगळ्याच वाफ्यात वाकून बोटे चाटू लागल्या.

आज वाचायचा होता सावता माळींचा अभंग, पण त्याआधी जे झाले ते लिहिते. आबांनी ज्वारीच्या दोन ओळींमध्ये खुरप्याने वीतभर उकरले. वरची माती राखाडी, कोरडी, भुसभुशीत. खालची काळीभोर. तिची मूठ दाबून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. गोळा फुटला नाही. त्यांच्या बोटांचे ठसे त्यावर तसेच उमटलेले, आणि हाताला गार लागत होता. पेरणीनंतर पावसाचा थेंब नाही. हे सगळे हिरवे शिवार या मुठीतल्या ओलीवर उभे आहे.

नातू म्हणाला, 'मग ही श्रद्धाच की, आबा. वरनं पाणी न्हाई आन् तुम्ही म्हणता पीक येणार.'

आबा म्हणाले, 'श्रद्धा कसली? मी उकरून बगतो.' आणि थोड्या वेळाने, 'ओल हाय म्हणून हात बांधून बसलं तर भेगांतनं उडून जाती. कोळपावं लागतंय. एक कोळपणी, अर्धं पाणी.'

काळी जमीन वाळताना फाटते. भेगा खोल जातात आणि आतली ओल त्यांतून निघून जाते. कोळप्याने वरचा थर मोकळा केला की भेगा बुजतात, ओल खालीच राहते. पाणी बाहेरून आणायचे नाही, आहे ते राखायचे.

नित्यनेम या प्रकाराचा मला लहानपणापासून कंटाळा. आई दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची, रोज तोच, त्याच चालीत, मध्येच 'गॅस बारीक कर गं' असे सांगत. यातून हिला रोज नवे काय मिळते, असा माझा प्रश्न असायचा. आईची कोळपणी चालली होती. विचारणारीला ते कळायला आबांचे शेत लागले.

दुपारी आबा पिकावर आंबील शिंपडत शेताला वळसा घालून आले. आम्ही मागून चाललो. अभंग वाचायचा राहूनच गेला, आणि कुणालाही त्याची चुटपुट लागली नाही. जेवण इतके झाले होते की पाव तासाच्या शांततेत निम्मे झोपले.

२८ डिसेंबर

हिप्परग्याचा तलाव, म्हणजे सरकारदरबारी एकरुख. १८७१ सालचा. पट्टकादंब दिसले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून आलेले. धुके होते, दुर्बीण एकच होती, तिच्यावरून रुसवेफुगवे. अक्कांची नोंद : 'एवढ्या लांबून येऊन ते आपल्यासारखंच गारठून बसले होते.'

४ जानेवारी

मुलांनी 'कोळपणी' हा शब्द उचलला आहे. सकाळी एक अभंग वाचला की ग्रुपवर फक्त 'कोळपलं' असा निरोप टाकतात. काका तेवढ्यावर भागवत नाहीत, त्यांचा निरोप तीन पडद्यांचा असतो. मीही वाचनालय उघडल्यावर, पेपर लावायच्या आधी, एक पान वाचते आहे. कुणासाठी, कशासाठी, हे अजून सांगता येत नाही. वाचते आहे.

१५ जानेवारी

गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची. या आठवड्यात सोलापुरात दुसरा कुठलाही प्रकल्प चालवू नये.

तरी एक नोंद. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसे दरवर्षी बघते, गर्दीत पाय तुडवून घेते. कुंभारकन्येने सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला, त्यांनी आपला योगदंड पुढे केला, तिचे लग्न त्याच्याशी लागले, आणि त्या लग्नाच्या अक्षता अख्खे गाव आजही टाकते. यंदा 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' झाले आणि माझ्या शेजारी आज्जी अक्षता टाकताना रडत होत्या. काही विचारले नाही. नोव्हेंबरात कानडीत म्हटलेले वचन त्यांनी पुटपुटले असे वाटले, पण हलग्यांच्या आवाजात नक्की ऐकू आले नाही.

२५ जानेवारी

अरण, मोडनिंबजवळ, माढा तालुका. सावता माळींचे गाव. समाधी १२९५ सालची. परंपरा सांगते, हे पंढरपूरला गेलेच नाहीत. पंढरपूर केवढे जवळ, तरी मळा सोडला नाही. विठ्ठलच त्यांच्याकडे आला, आणि अजून त्याची पालखी दरवर्षी अरणला येते.

अमावास्येला राहिलेला अभंग आज वाचला.

'कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥
लसूण मिरची कोथिंबिरी । अवघा झाला माझा हरि ॥
मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी ॥'

यात देवाचे रूप नाही, मुकुट नाही, कानी कुंडले नाहीत. बाजाराला जाताना पिशवीत टाकायची चिठ्ठी आणि विहिरीवरची अवजारे. मुलांपैकी कुणीही मोट पाहिलेली नाही, ती काकांनी हातवारे करून समजावली : चामड्याची, बैल उताराला लागले की भरून वर येणारी. हे निरूपण धरायचे की नाही यावर मतभेद झाले. मी सूट दिली.

बसलो होतो त्या शेजारच्या रानात कांद्याची लागण चालली होती. बायका ओळीने उकिडव्या बसून पुढे सरकत होत्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात रुतवून एकेक रोप लावत. बोलणे चालू, हात थांबत नव्हता. अक्का त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांचेही हात तसेच चालतात, तेंदूचे पान, चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा. म्हणाल्या, 'यांनी कांदा म्हटलं, मी पान-तंबाखू म्हणू का? देवाला चालंल?' काकांनी तोंड उघडले आणि मिटले. आज्जी म्हणाल्या, 'त्याला चालतंय. तुझ्या छातीला चालत न्हाई, तेवढं बघ.'

नंतर सगळे देवळात गेले. मीही गेले. चपला कुणी सांभाळल्या ते विचारले नाही.

१ फेब्रुवारी

मंगळवेढ्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. गाळप जोरात आहे, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर बांधलेला ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला, ओव्हरटेक करायची सोय नाही. मग चोखोबांचा अभंग गाडीतच वाचला, समोर ऊस डुलत असताना.

'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥'

काका चालीत म्हणू लागले, गाडीतल्या सगळ्यांनी साथ धरली. मागच्या सीटवरचा एक मुलगा, एरवी फारसे न बोलणारा, म्हणाला, 'हा अभंग सगळे असाच गोड गातात. पुढं तो म्हणतो, चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा. स्वतःला वाकडा म्हणून घेतल्याशिवाय त्याला बोलायची सोय नव्हती, हे कुणी बघत नाही.'

गाणे थांबले. आपोआप पाव तास शांतता झाली, घड्याळ न लावता.

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले, ते साल १३३८ सांगतात. नामदेवांनी ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती गोळा केली आणि पंढरपुरात महाद्वारापुढे समाधी बांधली. महाद्वारापुढे, म्हणजे बाहेर. तो दरवाजा त्यांच्या माणसांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. माझ्या मते या नोंदी वाचणाऱ्याने माळावरचा भोवत्या विसरला तरी चालेल, हे विसरू नये. श्रद्धेने मन निवते, असे म्हणणाऱ्यांनी चोखोबा नीट वाचलेले नाहीत. ते विठ्ठलावर प्रेम करतात आणि जाबही विचारतात, दोन्ही एकाच तोंडाने.

परतताना रस्त्याकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. थंडीत चूल फुंकणाऱ्या एका बाईने आमच्या मुलींना उसाचे कांडे दिले. वेडेवाकडे होते. त्या मुलाने ते सोलले आणि सगळ्यांना तुकडे करून दिले. वहीत त्याने आज काही लिहिले नाही. पानावर नुसती तारीख टाकली आहे.

८ फेब्रुवारी

दुपारी पंखा लावावा लागला. ज्वारीची काढणी आता येईल, हुरड्याचे बोर्ड उतरले. बाहेरच्या बैठका बंद.

समितीला अहवाल हवा आहे. छापील नमुन्यात 'निष्पत्ती' नावाचा रकाना आहे आणि त्याखाली 'सहभागींच्या श्रद्धेत वाढ : होय / नाही'. हा नमुना कुणी तयार केला ते विचारणार आहे. तूर्त तो रकाना रिकामा ठेवून खर्चाचा तक्ता जोडला : गाडीभाडे, चहा, वहीची बांधणी. बांधणी शिलाईची करून घेतली, गमाची नाही, पाने सुटू नयेत म्हणून.

संध्याकाळी अक्का आल्या. वही पाहिजे म्हणाल्या. विड्या द्यायला कारखान्यात रांगेत दोन-दोन तास बसावे लागते, तिथल्या बायकांना वाचून दाखवायची आहे. वाचणार कोण, तर त्यांची नात, सातवीतली. अर्थ विचारला तर काय सांगणार? 'सांगणार, घरी गेल्यावर.'

वही संदर्भ विभागात ठेवायची, बाहेर द्यायची नाही, असा समितीचा ठराव आहे. तो ठराव लेखी यायचा आहे. तोवर मी वहीला दाखल क्रमांक घातला, आत शिक्का मारला, कार्ड चिकटवले आणि अक्कांच्या नावावर चढवली. मुदत १५ दिवस, पुढे वाढवून मिळेल.